वेर्ण्यातली नोकरी, कुडाळचं घर आणि मधल्या चार रात्री

प्रश्न थोडक्यात असा. कुडाळचे एक गृहस्थ गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. घरी आई-वडील, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी, त्यामुळे बिऱ्हाड हलवायचं नाही. रोज जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर झेपत नाहीत. वेर्णा-नागोवा भागात एकट्यासाठी खोली घेतली तर भाडं महिन्याचं आणि वापर निम्मा. म्हणून जुनी टाटा विंगर कार्गो किंवा मारुती ईको कार्गो घ्यावी आणि सोमवार ते शुक्रवार तिच्यातच राहावं असा त्यांचा विचार आहे. यादीत पलंग, ओटा, सिंक, फ्रिज, सोलर आणि जमलंच तर एसी आहे, बजेट तीन लाखांचं ठरवलंय. विचारलंय ते हे : गाडी कुठली घेऊ, इन्सुलेशन कसलं करू, सोलर किती वॅटचं लावू आणि आरटीओची अडचण येईल का?

माझं फोंड्यात बॉडी-फॅब्रिकेशनचं काम आहे. डिलिव्हरी व्हॅनचे रॅक, खाद्यपदार्थांच्या गाड्या, आणि गेल्या काही वर्षांत झोपण्यापुरत्या करून दिलेल्या व्हॅन, असा अनुभव आहे. त्यावरून सांगतो.

तुम्ही विचारलेले चारही प्रश्न नंतरचे आहेत. तुम्हाला फिरतं घर नको आहे. आठवड्यातून चार रात्री शांत झोप, सकाळी आंघोळ, आणि सामान कुलुपात राहील अशी जागा हवी आहे. जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये किंवा खाणावळीत होईल, दिवस कंपनीत जाईल, शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही पत्रादेवीच्या पलीकडे, गोव्याच्या हद्दीबाहेर असाल. मग ओटा, सिंक आणि फ्रिज कोणासाठी? ज्यांचं सगळं आयुष्य गाडीत चालतं त्यांचे व्हिडिओ बघून ही यादी तयार होते, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू गाडीत नुसत्या ओझं म्हणून फिरतात. यादी आखडली की खर्च उतरतो, आरटीओची अडचण जवळपास मिटते आणि गळती, गंज, बुरशी यांनाही जागा कमी मिळते.

तेव्हा पहिलं काम गाडी शोधण्याचं नाही, ती रात्री कुठे उभी राहणार हे ठरवण्याचं आहे. माझ्याकडे कोणी आलं की मी हेच आधी विचारतो, आणि उत्तर नसेल तर काम हातात घेत नाही. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे तुमच्याच कंपनीचं आवार. एचआरला लेखी अर्ज द्या : सोमवार ते गुरुवार रात्री गाडी आवारात उभी राहील, मी आत झोपेन, स्वच्छतागृह आणि शॉवर वापरेन, गाडीत काही पेटवणार नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण नकार बहुतेक वेळा आगीच्या भीतीपोटी येतो. औषधांच्या किंवा रसायनांच्या कारखान्यात होकार येणं कठीण आहे, गोदामात आणि इंजिनिअरिंगच्या युनिटमध्ये सोपं. होकार आला तर त्याचं पत्र आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर गाडीत ठेवा.

कंपनी नाही म्हणाली तर आसपासच्या गावात एखाद्या घराच्या आवारात महिन्याच्या ठराविक रकमेवर जागा मिळते, बाहेरचं न्हाणीघर वापरण्यासकट. मधे एखादा ओळखीचा माणूस घाला, आणि घरमालकाला आधीच स्पष्ट सांगा की तुम्ही आत झोपणार आहात. जागा बघताना दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. वर मान करून बघा, माड नको. शहाळ्याएवढा नारळ चाळीस फुटांवरून टपावर पडला तर पत्रा तर बसतोच, दार उघडं ठेवून झोपलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. दुसरं, खाली बघा. खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, कडेची सखल जागा मार्चमध्ये छान कोरडी दिसते, पण जुलैत भरती आणि पाऊस एका वेळी आले की चाकं पाण्यात जातात.

रस्त्याच्या कडेला किंवा किनाऱ्याजवळ गाडी लावून रोज झोपायचा बेत असेल तर सोडून द्या. गोव्यात बाहेरच्या गाड्यांनी किनाऱ्यांवर चुली मांडून इतका उच्छाद केला की २०२२ मध्ये पर्यटन खात्याने उघड्यावर स्वयंपाक करण्यावर बंदी घातली आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला. तुम्ही चूल मांडणार नसलात तरी एमएच-०७ ची गाडी रोज त्याच वळणावर रात्रभर उभी दिसली की गावकरी विचारायला येणार, आणि त्यांचं विचारणं रास्तच आहे.

आता ज्या गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगतो. तुमची ड्यूटी कायम दिवसाची आहे का? फिरत्या पाळ्या असतील आणि महिन्यातला एक आठवडाही रात्रपाळी असेल, तर व्हॅनचा विचार थांबवा. गोव्यात ऑक्टोबर ते मे सकाळी नऊनंतर उन्हातल्या पत्र्याच्या खोक्यात झोप लागत नाही, कितीही इन्सुलेशन करा. दुसरा प्रश्न तुमच्या उंचीचा आणि पाठीचा, त्याकडे गाडी निवडताना येतो. तिसरा पावसाचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत दार उघडं ठेवता येत नाही, बंद ठेवलं तर कोंडमारा होतो, टॉवेल वाळत नाही. माझं प्रामाणिक मत असं की पावसाळ्यापुरता सहकाऱ्याच्या खोलीत वाटा घ्यावा आणि व्हॅन ऑक्टोबर ते मे वापरावी. ते शक्य नसेल तर निदान छपराखालची जागा मिळवा. छप्पर मिळालं तर पावसाळाही निभतो. सावंतवाडी-मडगाव मार्गावरच्या रेल्वेगाड्यांच्या वेळा तुमच्या पाळीशी जुळतात का, हेही एकदा बघून घ्या. आठवड्यात एखादी रात्र घरी जाता आलं तर सगळाच हिशोब बदलतो.

आरटीओबद्दल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, पण तो मार्ग मान्यता घेऊन गाड्या बांधणाऱ्यांचा. एका माणसाच्या चार रात्रींसाठी त्यात पडू नका.

म्हणून मी अशा गाडीत काहीही कायमचं बसवत नाही. कार्गो व्हॅन आरसीवर मालवाहू आहे तर ती मालवाहूच राहू द्यायची. पलंग म्हणजे चार पायांची घडीची चौकट, कप्पे म्हणजे प्लास्टिकचे क्रेट, बॅटरी म्हणजे कडी असलेला डबा. सगळं मूळच्या माल बांधायच्या हुकांना पट्ट्यांनी आवळायचं. अर्ध्या तासात हौदा रिकामा व्हायला हवा. पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, जायच्या आदल्या संध्याकाळी सामान घरी काढून ठेवायचं, बस्स. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी पासिंग लागतं, जुनी गाडी घेताना हे लक्षात ठेवा. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. विंगर कार्गो त्याच्या वर जाते, ईको खूप खाली राहते. लायसन्सची काळजी करू नका. साडेसात हजार किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही तेच कायम केलं. चालत्या गाडीत मात्र मागे हौद्यात कोणालाही बसवायचं नाही. घरच्या माणसाला सुद्धा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते.

गाडी कुठली? विंगर कार्गोचा हौदा सव्वातीन मीटरच्या जवळपास लांब आणि आत उंची साधारण सहा फूट. उभं राहून पँट घालता येते. दोन-चार रात्रींनंतर या गोष्टीची किंमत कळते, विशेषतः कंबर दुखत असेल तर. ईकोत बसूनच सगळं करावं लागतं, पण ती पेट्रोलवर स्वस्तात चालते, कुठल्याही गल्लीत मावते आणि सुटे भाग कुडाळातही मिळतात. तुम्ही साडेपाच फुटांच्या आसपास असाल, जेवण-आंघोळ बाहेर होणार असेल आणि रात्री फक्त आडवं व्हायचं असेल, तर मी ईको सुचवेन. घेण्याआधी टेप घेऊन जा. पुढची सीट तुम्ही चालवता त्या जागी सरकवून मागच्या पार्टिशनपासून दारापर्यंत मोजा, आणि मग प्रत्यक्ष आत झोपून बघा. विकणारा बघत राहील, राहू दे. सरळ पाय पसरता आले नाहीत तर ती गाडी तुमची नाही.

तिथे असतानाच आणखी एक तपासणी करा. आत बसून मागचं दार बाहेरून लावायला सांगा आणि ते आतून उघडतं का बघा. बऱ्याच मालवाहू गाड्यांना हौद्याच्या बाजूने हँडलच नसतं, कारण मालाला दार उघडावं लागत नाही. पार्टिशनमुळे केबिनकडेही जाता येत नाही. म्हणजे आत झोपलेला माणूस अक्षरशः कोंडला जातो. दाराच्या आतला प्लास्टिकचा किंवा हार्डबोर्डचा पत्रा काढला की लॅचची लोखंडी दांडी दिसते. तिला क्लचच्या वायरीचा तुकडा अडकवून, पुढे लाल दोरीची गाठ मारून, ती उशाशी येईल अशी ओढून घ्यायची. डोळे मिटून, अंधारात, झोपल्या जागेवरून ओढून दार उघडलं पाहिजे. तिच्याजवळच दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवायचं. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल, ही दोरी पहिल्या रात्रीच्या आधी.

आता हवा. गोव्यात थंडीची काळजी नाही, काळजी उकाड्याची आणि दमटपणाची. व्हिडिओंत दाखवतात ते थंड देशांतलं काम. तिथे श्वासातली वाफ गार पत्र्यावर धरते म्हणून भिंतीत जाड लोकर भरून वर प्लास्टिकचा पडदा चिकटवतात. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवाच आतल्याइतकी ओली असते. ग्लासवूल ती ओल धरून ठेवतं, खाली बसतं, आणि त्यामागचा पत्रा तुम्हाला न दिसता सडतो. सोलून काढलेल्या अशा भिंती मी बघितल्या आहेत, आत काळी बुरशी आणि पत्र्याला भोकं. म्हणून फक्त टपाला आतून बारा मिलिमीटरची बंद छिद्रांची नायट्राइल (रबरी) किंवा एक्सएलपीई (प्लास्टिक फोमची) शीट चिकटवा. आधी थिनरने पत्रा पुसून घ्या, नाहीतर मे महिन्यात शीट सुटून अंगावर येते. बाजूच्या भिंती उघड्याच राहू द्या. तुम्ही दिवसभर गाडीत नसता, त्यामुळे दुपारी तापली तरी बिघडत नाही, आणि सूर्य मावळल्यावर उघडा पत्रा लवकर निवतो. संध्याकाळी परतलात की सगळी दारं वीस मिनिटं सताड उघडी टाका, मग अंथरूण घाला.

टपाला भोक पाडून पंखा बसवू नका. कायद्याचा प्रश्न आहेच, पण आपल्या पावसात ते भोक आज ना उद्या गळतं. त्याऐवजी सरकत्या दाराच्या पोकळीत बसणारी ॲल्युमिनियमची चौकट करून घ्या : बाहेरून एक्सपांडेड मेटलची जाळी, आतून मच्छरदाणीची जाळी, आणि आतूनच लागणाऱ्या दोन कड्या. दार उघडं, पण माणूस सुरक्षित. रात्री चौकट बसवायची, सकाळी काढून पलंगाखाली सरकवायची. ईकोला दोन्ही बाजूंना सरकती दारं असतील तर दोन चौकटी करा, आरपार वारा लागतो. पावसाची झड अडवायला तिच्यावर ताडपत्रीचा उतरता पडदा लावायचा, पडवीला झापं बांधतो तसा, खालून वीतभर मोकळा. आणि बारा व्होल्टचा एक पंखा थेट अंगावर. मे महिन्यात रात्रीही पारा सव्वीस-सत्तावीसच्या खाली जात नाही. अशा वेळी हवा गार करण्यापेक्षा अंगावरचा घाम उडवणं जास्त कामाचं.

एसीचं गणित साधं आहे. शंभर ॲम्पिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत साधारण १२८० वॅट-अवर वीज मावते. लहान इन्व्हर्टर एसीने सरासरी पाचशे वॅट घेतले तरी आठ तासांचे चार हजार होतात. म्हणजे एका रात्रीला तीनाहून जास्त बॅटऱ्या. म्हणून काहीजण इंजिन चालू ठेवून गाडीचाच एसी लावून झोपतात. हे कधीही, एका रात्रीसाठीही, करू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

तुमची खरी गरज किती ते बघा. वीस वॅटचा पंखा नऊ तास म्हणजे १८० वॅट-अवर. दहा वॅटचा दिवा तीन तास, ३०. मोबाइल २०. रोजचे झाले २३०, चार रात्रींचे ९२०. शंभर ॲम्पिअर-अवरची एकच बॅटरी कुठेही चार्ज न करता आठवडा काढते आणि वर थोडी उरते. शनिवारी कुडाळला वीस ॲम्पिअरच्या चार्जरवर लावा, पाच-सहा तासांत भरते. त्यामुळे सोलर लागतच नाही. शिवाय सावलीत किंवा छपराखाली गाडी लावायची आणि टपावर पॅनेलही ठेवायचं, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. फ्रिज घेतलात तर रोज आणखी चारशे-पाचशे वॅट-अवर लागतील आणि हे सगळं गणित कोलमडेल. चार रात्रींसाठी फ्रिजमध्ये ठेवणार काय? सकाळी पोदेर (पाववाला) ताजा पाव दारात आणतो.

बॅटरी जमिनीलगत ठेवा, टपाजवळ कधीच नाही. बहुतेक लिथियम बॅटऱ्या पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं उत्पादक सांगतात, आणि बंद गाडीत मे महिन्यात वरची हवा त्याच्या पुढे जाते. बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत, फ्यूज हवाच. खाऱ्या हवेत टर्मिनल हिरवी पडतात म्हणून पेट्रोलियम जेली चोपडा. कंपनीने रात्री वीज दिली तर तीन तारांची केबल आणि तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय गाडीत २३० व्होल्ट घेऊ नका. ओली जमीन, पत्र्याची गाडी आणि अनवाणी पाय, इतकं लक्षात ठेवा.

लाकूडकामाचं फारसं सांगण्यासारखं नाही. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) घ्या, कापलेल्या कडा सील करा. पलंगाला सलग फळी नको, पट्ट्या हव्यात, म्हणजे गादीखालून हवा खेळते. काथ्याची गादी पहिल्याच पावसात बुरशी धरते, फोमची घ्या आणि दर शुक्रवारी उभी करून ठेवा. पत्र्यात सेल्फ स्क्रू मारू नका, प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचं वर्तुळ उठतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी छिद्रं असतात, ती मॅटने किंवा सिलिकॉनने बुजवू नका. पावसाळ्याआधी गाडीला खालून गंजरोधक लेप, म्हणजे अंडरकोटिंग, करून घ्या.

हे सगळं मिळून, गाडी सोडून, तुम्ही ठरवलेल्या तीन लाखांच्या बजेटमध्ये सहज बसतं आणि बरेच पैसे उरतात. उरलेले जुन्या गाडीच्या टायर-ब्रेकसाठी ठेवा, कारण आठवड्याला दोनदा एनएच-६६ वर तुम्ही स्वतः तिच्यात असणार आहात.

गाडी घेण्याआधी एक प्रयोग करा. कुणाची तरी ईको चार रात्रींसाठी मागून आणा, नुसती गादी, मच्छरदाणी आणि चार्जिंगचा पंखा टाकून ठरलेल्या जागी झोपून बघा, शक्यतो एप्रिल-मेमध्ये. त्यात झोप लागली तर पुढे जा. कंपनीचं उत्तर काय येतं, पाळी कुठली आहे आणि तुमची उंची किती, एवढं कळवा. जाळीच्या चौकटीची मापं आणि वायरिंगची आकृती काढून देतो. ती कुडाळातला कुठलाही फॅब्रिकेटर बनवू शकेल, त्यासाठी फोंड्यापर्यंत यायची गरज नाही.